उधाणाची वेळ

खाडीच्या काठाला एक गाव होतं. गावाची भातशेती भरतीच्या पाण्याहून सखल, म्हणून सगळ्या शेतांभोवती मातीचा बांध घातलेला. बांधाला एकच दार होतं, त्याला उघाडी म्हणत. ओहोटीला उघाडीची फळी काढून ठेवायची, म्हणजे आतलं पाणी खाडीत उतरे. भरतीच्या आधी ती उचलून खाचेत बसवायची, म्हणजे खारं पाणी आत येत नसे. फळी चांगली जाडजूड. एकट्याला ती उचलवत नसे, दोन टोकांना दोन माणसं लागत.

ही दोन माणसं म्हणजे भिवाजी आणि अर्जोजी. लहानपणापासूनचे मित्र. वीस वर्षांत त्यांनी एकही भरती चुकवली नव्हती. दोघेही मोठे शहाणे होते, आणि खरं सांगू का, तीच पुढे अडचण झाली.

उघाडीला लागून सगळ्यात खोलगट शेत चांगुणाबाईचं होतं. तिला ना नवरा, ना लेकरू. त्या तुकड्यावरच तिचं पोट. खारं पाणी शिरलं तर आधी तिच्याच शेतात शिरणार, हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. आणि एकदा शिरलं की तीन पावसाळे तिथे भात होत नाही.

आश्विनातली पुनव होती. भात पिवळं झालेलं, चार दिवसांवर कापणी. भरदुपारी उधाण येणार होतं, म्हणजे पुनवेची मोठी भरती. दोघे मित्र सकाळीच घरून निघाले आणि वाटेत देवळाच्या पारावर जरा टेकले. तिथेच विषय निघाला.

भिवाजी म्हणाला, "दर पुनवेला, अवसेला पाणी वाढतं. कधी चूक नाही. एवढी शिस्त आपोआप लागते होय? लावणारा कुणीतरी आहेच."

अर्जोजी म्हणाला, "चंद्र पाण्याला ओढतो, म्हणून पाणी चढतं. हिशेब तिथेच संपला. त्यात तुझा देव कुठे बसवू?"

झालं. बघता बघता लोक जमले. दुकानदार दुकान टाकून आला, पुजाऱ्याने पूजा आटोपती घेतली. एकेका मुद्द्याला माना डोलायला लागल्या. लोकांचं काय जातंय, त्यांना फुकटची करमणूक.

ऊन चढलं तशी चांगुणाबाई आली. म्हणाली, "भाऊ, पाणी चढायला लागलंय."

"आलोच," अर्जोजी म्हणाला. "एवढं ठरू दे."

ती थोडा वेळ उभी राहिली. मग आल्या वाटेने परत गेली.

आता भिवाजीने ठेवणीतला मुद्दा काढला. "बरं, चंद्राचं राहू दे. ही चांगुणाबाई आपली ना नात्याची ना गोत्याची. तिच्याकडून आपल्याला मिळतं काय? तरी भरतीच्या वेळी तुझा पाय घरात ठरत नाही. दुसऱ्याचं राखावं, ही बुद्धी तुझ्या मनात कुणी घातली?"

"माणसाचं माणसावाचून अडतं, म्हणून राखायचं," अर्जोजी म्हणाला. "मुंग्याही एकमेकींना घास भरवतात. त्या काय देवळात जातात?"

लोक हसले. भिवाजीही हसला आणि उत्तर जुळवायला लागला. सांगताना मला आजही वाईट वाटतं. ज्या पाण्याचा दाखला ते देत होते ते पाणी, आणि ज्या बाईचा दाखला देत होते ती बाई, दोन्ही तिथून हाकेच्या अंतरावर होती.

बोलता बोलता अर्जोजीची नजर खाली गेली. त्याची सावली पायाशी आली होती. भरदुपार झाली होती. त्याने भिवाजीकडे पाहिलं, आणि दोघे बांधाच्या दिशेने धावत सुटले.

फळीचं एक टोक खाचेत होतं, दुसरं तसंच बांधावर आडवं पडलेलं. चांगुणाबाईने एकटीने तेवढं ओढत आणलं होतं. तिच्या तळहातांची सालटी निघाली होती. दोघांनी फळी बसवली, म्हणून बाकीच्यांची शेतं वाचली. तिच्या शेतात मात्र लोंब्यांची नुसती टोकं पाण्यावर दिसत होती.

"बाई, चुकलो," भिवाजी म्हणाला.

चांगुणाबाईचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "देव आहे का नाही, ते मला काय कळणार? पण भाऊ, वेळ तर तुम्हा दोघांनाही कळत होती."

दोघांनी आपापल्या कणगीतलं भात तिच्या दारी नेऊन ठेवलं. तिने ते घेतलंही. पण मिठाने पांढरं पडलेलं शेत तिला रोज बघवेना. दुसऱ्या वर्षी ती लांब बहिणीकडे निघून गेली आणि तिकडेच वारली. चौथ्या पावसाळ्यात दोघांनी तिचं शेत लावलं. भात छान आलं. कापायला ती नव्हती.

त्यानंतर दोघे भरतीच्या कितीतरी आधी येऊन फळीच्या दोन टोकांना बसत. फारसं बोलत नसत. कुणी मुद्दाम विचारलं, "काय हो, देवाचं शेवटी काय ठरलं?" तर अर्जोजी खाडीकडे बघत राही, आणि भिवाजी म्हणे, "आधी फळीला हात लाव."

तात्पर्य: देव आहे म्हणा किंवा नाही म्हणा, पण आपल्या भरवशावर बसलेल्या माणसाला त्या वादापायी ताटकळत ठेवू नका, कारण चुकलेली वेळ दोघांपैकी कुणाच्याच उत्तराने परत येत नाही.