शरभाच्या छातीवरचं नाव

गडाच्या दरवाजावर सिंहासारखा एक दगडी शरभ कोरलेला होता. दिगंबरराव त्याच्याच छातीवर छिन्नी लावून आपलं नाव कोरत होते. पहारेकऱ्याने हात जोडले, तर त्याच्यावरच खेकसले, "नोकरी जड झालीय का रे? तुझे साहेब माझ्या पंगतीला असतात!"

सहलीला आलेल्या शलाकाच्या तोंडून चारचौघांत शब्द फुटत नसे. पण शरभाचा टवका उडाला आणि तिला राहवेना.

"काका, नावाआधी जागा नाही सोडलीत?"

"कशाला?"

"'कै.' लिहायला. आमच्या गावात बाकावर, पाणपोईवर दगडात नाव येतं ते माणूस गेल्यावरच. कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ."

शेजारी उभ्या दिगंबररावांच्या बायकोचा हात झटकन मंगळसूत्राकडे गेला. "अहो, टाका आधी ती छिन्नी! पुसा ते अभद्र!"

"अगं, पोरीचं काय ऐकतेस?"

"टाका म्हणते ना!"

छिन्नी खाली पडली. दिगंबरराव संतापून शलाकाकडे वळले. "कुणाची गं तू? नाव सांग तुझं!"

"सांगते," शलाका म्हणाली, "पण कोरू नका. मी अजून जिवंत आहे."