शेळीने न खाल्लेला पाला

शेळ्या अजून माणसांशी बोलत होत्या, तेव्हाची गोष्ट. यमुनाकाकूंच्या परसात शेवगा होता. शेंगा काकू आमटीत घालायच्या आणि पाला टिकली शेळीपुढे टाकायच्या.

त्या वर्षी टिकली व्याली आणि काकूंची सून शालनही बाळंत झाली, तिला मुलगी झाली. पाला खाऊन टिकलीच्या अंगावर तुकतुकी आली. शालन मात्र पांढरी पडत चालली. उठताना तिला भिंत धरावी लागायची.

"काकू, हा पाला तिला शिजवून घाला," टिकली म्हणाली. "यात लोह असतं. अंगात रक्त भरायला मदत होते."

"शेळीचं खाणं सुनेच्या ताटात वाढू? लोक काय म्हणतील?"

"लोक तिला उठवून बसवायला येणारेत का?"

"तू गप रवंथ कर."

श्रावण सरता सरता शालन गेली.

"दारचा शेवगाच अपशकुनी," म्हणत काकूंनी झाड तोडलं आणि त्याच्याच एका फांदीचा खुंटा रोवून टिकलीला बांधलं.

काही महिन्यांत खुंट्याला कोवळा पाला फुटला, अगदी तिच्या तोंडाशी. तिने एकही पान खाल्लं नाही.

"आता काय झालं? खा की," काकू म्हणाल्या.

"नात जेवायला लागली ना तुमची? आधी तिचं ताट आणा."

काकू ताट आणायला आत गेल्या.

टिकली त्यानंतर माणसांशी कधी बोलली नाही. शेळ्या आजही बोलत नाहीत.