नळाची आरती

मंदार देशातून शेजारच्या देशात कच्चं तेल नेणारा नळ पार गंजला होता. शिवेवरच्या गावात विहिरीच्या पाण्यावर तेल तरंगू लागलं, तेव्हा सरपंच सगुणाबाईंनी नवा नळ मागितला. मंत्री भुजंगरावांनी जुन्यालाच झकास रंग फासला आणि त्याची पूजा करायला स्वारी वाजतगाजत गावात आली.

हार घालून, नारळ वाढवून मंत्री गरजले, "नळ ठणठणीत आहे! तेल गळतंय ते शिवेपलीकडे. इथे एक थेंब नाही."

सगुणाबाईंचं टाळकं सणकलं, पण वरवर त्या गोड हसल्या. "हुश्श! जिवाला नुसता घोर लागला होता. आता आरती तेवढी ओवाळा, साहेब," असं म्हणत त्यांनी ताटात कापूर ठेवला आणि काडेपेटी काढली.

काडी ओढायच्या आतच मंत्री धोतर सावरत जे पळत सुटले, ते थेट शिवेच्या दगडापलीकडे जाऊन थांबले.

सगुणाबाईंनी काडेपेटी शांतपणे कमरेला खोचली. "अहो साहेब, तेल तिकडे गळतंय म्हणता, आणि जीव वाचवायला पळता तेही तिकडेच?"

गावाबरोबर पलीकडचे पहारेकरीही खो-खो हसले. नव्या नळाचा हुकूम भुजंगरावांनी सोडला तो तिथूनच, परमुलखात उभ्याउभ्या.