आत्याचा ट्रॅक्टर आणि गावाचा शिरस्ता

फार मागची गोष्ट. किती मागची, ते विचारू नका. ट्रॅक्टर म्हातारे झाले होते आणि बैलांना अजून बोलता येत होतं, एवढी मागची.

एका गावात धुरपदा नावाची बाई राहत होती. ती गावचीच लेक, म्हणून लहानथोर सगळे तिला आत्या म्हणत. तिच्याकडे एक थकलेला बैल होता आणि एक जुना ट्रॅक्टर. बैल आता कामाचा राहिला नव्हता, आणि ट्रॅक्टर कुणालाच नाही म्हणत नव्हता. साऱ्या गावाची नांगरट त्याच्यावर व्हायची, आणि आत्याला त्याचा मोठा अभिमान होता.

त्या गावाचा एक शिरस्ता होता. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. ताक आणलं तर भांड्यात चार मिरच्या तरी घालून द्यायच्या. आणि ज्याचं भांडं त्यानं, आत काय आलं, किती आलं, हे बघायचं नाही. बघणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान.

आता ट्रॅक्टर म्हणजे काही भांडं नव्हे. पण ज्यात ओतता येतं ते भांडंच, असं गावानं ठरवून टाकलं. जो ट्रॅक्टर परत आणी, तो इंजिनात थोडं तेल ओती आणि घरी जाई. चांगली माणसं होती बिचारी.

एके वर्षी, ऐन पेरणीच्या तोंडावर, ट्रॅक्टर कुरकुरायला लागला. सकाळी सुरू केला की तेलाच्या दाबाचा काटा ठीक असे. घटकाभर नांगर ओढला की काटा थरथरत खाली येई आणि इंजिन आतून टकटक वाजू लागे. काटा पडला म्हणजे तेल कमी झालं, असं समजून जो तो आणखी थोडं ओती.

शेवटी आत्यानं शेजारगावचा मिस्त्री बोलावला. माणूस पद्धतशीर होता. त्यानं आधी काट्यावरच संशय घेतला. तो काढून स्वतःजवळचा लावून पाहिला, तर दोन्ही काटे एकच बोलले.

"काटा खोटा नाही," मिस्त्री म्हणाला. "तेल कमी नाही ना?"

जमलेली माणसं एका सुरात म्हणाली, "तेल? नाव काढू नका! कमी पडूच देत न्हाई आम्ही."

एवढे सगळे सांगताहेत म्हटल्यावर मिस्त्रीनं त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला. "मग आतली बेअरिंगं झिजली असणार. इंजिन उघडावं लागेल. पण खरं सांगू आत्या? या वयात उघडण्यात काही राम नाही. भंगारात द्या."

भंगारवाल्याला सांगावा घेऊन मिस्त्री गेला आणि आत्याच्या मनात पाल चुकचुकली. तेल घालतो म्हणतात, पण घालतात कशावरून? कोरड्या इंजिनावर हाणला असेल मेल्यांनी! ट्रॅक्टर शेवटी नेला होता गेनबानं. ती तडक त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"गेनबा, खरं बोल. तेल घातलं व्हतंस?"

"घातलं की, आत्या. आईची आन."

"तोंडानं घातलं असशील. समद्यांनी मिळून माझं वाटोळं केलं. उद्या भंगारवाला येतोय. आजपासनं माझ्या वस्तूला कुणी हात लावायचा न्हाई."

गेनबा मान खाली घालून उभा राहिला. दिलेलं बोलून दाखवू नये, हाही शिरस्ताच होता. त्याला फार लागलं.

आत्या घरी आली, तरी जिवाला चैन पडेना. यांचं खोटं उघडं पाडायचंच, या इरेला पेटून तिनं इंजिनातली तेल बघायची पट्टी ओढली. आजवर ती कुणी ओढलीच नव्हती, धुळीनं घट्ट बसली होती. पट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोहोंच्या मध्ये असावं. आत्याला वाटलं होतं, पट्टी कोरडी ठणठणीत निघेल. पण तेल वरच्या खुणेच्याही चार बोटं वर चढलं होतं आणि त्यावर ताकासारखा फेस होता.

आत्यानं पट्टी पुसून पुन्हा बुडवली, तरी तेच. गाव खोटं बोललं नव्हतं.

"एवढं तेल असून दाब का न्हाई मग?" ती स्वतःशीच म्हणाली.

खुंट्यावरच्या बैलानं रवंथ थांबवला. "पोळ्याचा दिवस आठव," तो म्हणाला. "दारोदार मला पुरणपोळी चारली. आधीच्या दारात किती खाल्लं, हे कुणी विचारलं नाही. संध्याकाळी पोट टम्म फुगलं, उभं राहवेना. तर बघणारे म्हणाले, अशक्त झालाय, अजून चारा."

"आणि मी रातभर तुझं पोट चोळत बसले," आत्या म्हणाली, आणि तिला उमगलं. जास्तीचं तेल आत घुसळलं जात होतं. घुसळलं की फेस, आणि फेस झाला की पंपाच्या तोंडात तेलाऐवजी वारा. वाऱ्याचा दाब कसा राहणार?

उजाडताच तिनं खालचा बोल्ट सैल करून जास्तीचं तेल काढलं. घमेली भरली. फेस विरल्यावर ट्रॅक्टर सुरू केला आणि शेतात नेला. उन्हं वर आली तरी काटा जागचा हलला नाही. बेअरिंगं शाबूत होती. भंगारवाला आला तसा रिकामा परत गेला.

मग आत्या गेनबाच्या दारी गेली. तोंडानं माफी मागायची तिला सवय नव्हती, तरी मागितली. "चुकले रे बाबा. तू घातलंस, ते खरं व्हतं. मी बघितलं न्हाई, तेबी खरं. जा, ट्रॅक्टर घेऊन जा."

संध्याकाळी गेनबा ट्रॅक्टर परत घेऊन आला. सवयीनं तेलाचा डबा हातात होता. पण तो थांबला. इंजिन जरा निवू दिलं, पट्टी ओढली, पुसली, पुन्हा बुडवून पाहिली आणि आत्यासमोर धरली.

"बरोबर हाय, आत्या. आज काही घालत न्हाई," तो ओशाळून म्हणाला. जन्मात पहिल्यांदाच तो दुसऱ्याची वस्तू रिकाम्या हातानं परत करत होता.

आत्याचे डोळे भरून आले. "आजच खरं भरून आणलंस रे," ती म्हणाली.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: गरज न बघता दिलेलं देणं घेणाऱ्याच्या जिवावर उठतं, आणि न बघता घेतलेला संशय देणाऱ्याच्या.