धूर न करणारा बुरूज

त्या राज्याच्या उत्तरेला एक लांबच लांब भिंत होती आणि तिच्यावरचे बुरूज आपला पहारा आपणच देत. पहारेकरी केव्हाच आतल्या उबदार गावांत राहायला गेले होते. बुरुजांना खिडक्या होत्या त्या फक्त बाहेरच्या बाजूला. ज्यांचं रक्षण करायचं, त्यांना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

रोज संध्याकाळी प्रत्येक बुरूज आपल्या पोटातल्या शेगडीत धूर करी. ओला पाला टाकला की पांढरा धूर: बाहेर कोणी नाही. राळ टाकली की काळा धूर: शत्रू आला. तिसरा धूर ठरवलेला नव्हता, कारण बाहेर तिसरं कोणी असू शकतं हे ठरवणाऱ्यांना सुचलंच नव्हतं. ज्याचा धूर दिसला नाही तो बुरूज निकामी समजला जाई. मग आतून शिपाई येत आणि त्याला पाडून टाकत.

एका हिवाळ्यात, बर्फाचं वादळ नुकतंच ओसरलं असताना, धाकट्या बुरुजाच्या पायाशी दोन बायका, सासू आणि सून, येऊन थांबल्या. वादळात त्यांचा तंबू उडून गेला होता. तरुण सुनेच्या पदराखाली तान्हं मूल होतं.

“आत्या, ही भिंत त्यांची आहे. बाण मारतील.”

“मारायला वर कोणी दिसतंय का? टेक पाठ इथं,” सासू म्हणाली. “दगड बघ कसा ऊन लागतोय. माझ्या लेकानं घातलेल्या चुलीपेक्षा बरा.”

सून हसली नाही. मूल रडत नव्हतं. सासूनं त्याचे तळवे चोळले, कानाशी हाका मारल्या. तरी ते रडेना.

धाकटा बुरूज हे सगळं बघत होता. पाला टाकला तर शेगडी दबणार आणि दगड गार होणार. राळ टाकली तर धनुष्यं घेऊन शिपाई येणार. संध्याकाळ होत आली होती.

“काय रे धाकट्या, डोळा लागला की काय?” शेजारच्या थोरल्या बुरुजानं विचारलं. “टाक पाला.”

“दादा, माझ्या पायाशी एक तान्हं आहे. शेगडी विझली तर ते जाईल.”

“मग राळ टाक.”

“ते शत्रू आहे?”

“मला काय विचारतोस? आपल्याकडे दोनच धूर.”

“मग मी धूरच करत नाही.”

“पाडतील तुला, वेड्या!”

“पाडू देत. तोवर तरी ऊब राहील.”

आणि त्यानं हिवाळाभर पेटवणासाठी जपलेली सगळी सुकी लाकडं शेगडीत लोटली. लख्ख जाळ झाला. धूर मात्र नावालाही नव्हता. दगड आतून तापत गेला आणि ती ऊब सुनेच्या पाठीतून हळूहळू मुलापर्यंत पोचू लागली.

थोरला बराच वेळ धुसफुसत राहिला. त्यानं आपला पांढरा धूर रीतसर सोडला. मग भिंतीच्या माथ्यावरून एक सुका ओंडका गडगडत धाकट्याकडे आला.

“माझ्याकडे नुसताच पडून होता,” तो म्हणाला. “अडचण व्हायची.”

सकाळी आतल्या बाजूनं दोन शिपाई पहारी घेऊन आले.

“निकामी म्हणे!” पहिला म्हणाला. “हा तर तुझ्यापेक्षा ताठ उभा आहे.”

“बडबड पुरे. घाल घाव.”

पहिल्यानं पहार उचलली, पण थंडीनं त्याची बोटं वळत नव्हती. आधार म्हणून त्यानं भिंतीला हात लावला आणि तो दचकला. मग पहार काखेत धरून त्यानं दोन्ही तळवे दगडावर ठेवले. इतकी ऊब त्याला घर सोडल्यापासून मिळाली नव्हती.

तेवढ्यात दगडाच्या पलीकडून रडणं ऐकू आलं. बारीक, भुकेलं, चांगलंच रागावलेलं. त्यामागोमाग दोन बायकांचं एकदमच हसणं आणि रडणं.

“कोण आहे रे तिकडे?” दुसऱ्यानं विचारलं.

 पहिल्याच्या काखेतली पहार निसटून बर्फात पडली, तिकडेही त्याचं लक्ष गेलं नाही. रडणं वाढत गेलं, तसा त्यानं भिंतीला कान लावला. मग त्याचा एक हात आपोआप हलला आणि तो दगडाला अगदी हळू हळू थोपटू लागला.