गुळाचे दोन खडे

"माय, माझ्यावर कुणाचा इश्वास बसला नाही. एकाचाही नाही."

गोकर्णा सरपंचीण मठाच्या ओसरीवर धपकन बसली. सोबत आणलेली शाळकरी पोर, सोनुली, खांबाला टेकून उभी राहिली.

मठाच्या म्हाताऱ्या तपस्विनी नागाईसा तांदूळ निवडत होत्या. "काय सांगितलंस गावाला?"

"मागल्या ग्रामसभेत म्हटलं, शाळेच्या रस्त्याचे कडुलिंब तोडू नका. ऊन दरसाल चढतंय, लेकरं भाजून निघतील. तर हसले मेले. अर्धे लिंब आडवे झाले. उरलेल्यांचा निकाल उद्याच्या ग्रामसभेत."

"हे तुला सुचलं?"

लबाडी गोकर्णाच्या रक्तातच नव्हती. तिचा आवाज एकदम मऊ झाला.

"छे. पोरांनी सांगितलं, बालसभेत. या पोरीनं गुळाचे दोन खडे आणले. एक डांबरावर ठेवला, एक लिंबाखाली. डांबरावरचा पाघळला. म्हणते कशी, आमचे पाय तर अनवाणीच असतात... माय, आख्ख्या जन्मात मला असं सुचलं नाही. काय एकेकाचं डोकं."

"मग मागल्या ग्रामसभेत गूळ कुणी दाखवला?"

"तिथं पोरं कशाला? त्यांचा फोटो काढला, बिस्किटं वाटली. सभेत मीच बोलले. गलका नको म्हणून दाराला आतून कडी घातली होती."

नागाईसांनी सूप बाजूला सारलं. गुडघ्यावर हात देत उठल्या, सोनुलीपुढं गेल्या आणि कमरेत वाकल्या.

"दंडवत प्रणाम."

मठात थोर-लहान सगळे एकमेकांना असंच भेटतात. पोरही तितकीच वाकली. "दंडवत प्रणाम."

गोकर्णा चुळबुळली. "अहो माय, शेंबडं पोर ते..."

"तू अजून किती उन्हाळे काढशील?"

"असतील वीसेक."

"आणि ही?"

गोकर्णा बोटांवर मोजू लागली, तशा नागाईसा सोनुलीकडं वळल्या.

"बाळ, त्या ग्रामसभेच्या दिवशी तू कुठं होतीस?"

"दाराबाहेर. आम्ही सगळीच होतो. गूळ घेऊन." सोनुली तळव्याकडं बघत म्हणाली. "हातातच चिकट झाला."

गोकर्णानं पदरानं तोंड पुसलं. "गावच करंटं, माय. दोष तरी कुणाकुणाला द्यायचा?"

नागाईसा परत सुपापाशी बसल्या. एक खडा निवडून बाहेर टाकला.

"गावानं गूळ पाहिलाच कुठं? कडी तर तूच घातलीस, गोकर्णा."