टिवल्याने आणलेली साथ

फार पूर्वी एका रानात टिवल्या माकडाला जांभळाचं अख्खं झाड एकट्यालाच हवं होतं. खाली ससा शिंकला, तसा तो वरून ओरडला, "साथ आली, पळा!" सगळे धूम पळाले आणि टिवल्याने मनसोक्त जांभळं हाणली.

साळिंदरकाकू मात्र जागच्या हलल्या नाहीत. "एकच ससा शिंकला, तर ते तुरळक दुखणं. एकाएकी घरोघरी शिंका सुरू झाल्या, की साथ म्हणायचं."

तेवढ्यात परतलेला ससा किंचाळला, "बाप रे, टिवल्याची जीभ जांभळी! साथ आली!"

"एकट्याचीच आहे, म्हणजे तुरळकच," काकू हसल्या. "खारींनो, फांद्या हलवा. आता साथच आणू या!"

संध्याकाळपर्यंत रानात सगळ्यांच्या जिभा जांभळ्या झाल्या, आणि टिवल्या रिकाम्या फांदीवर बसून राहिला.